पेंटेकॉस्टच्या रविवारी दुसऱ्यांच्या पुलपीटवर

जय ख्रिस्त, भाऊ.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही गडहिंग्लजकडच्या एका स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळीत उपदेश करता. कोल्हापुरातल्या, मिशनच्या काळापासूनच्या एका जुन्या मंडळीने तुम्हाला पेंटेकॉस्टच्या रविवारी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या सणाला, संदेश द्यायला बोलावले आहे. विषय तुमच्यावर सोपवला आहे. तुमच्याकडे पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा आणि अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणे) यांवर भर आहे. पाण्याचा बाप्तिस्मा फक्त कळत्या वयात, आणि तोही बुडवून. त्या मंडळीत मात्र लहान मुलांचा बाप्तिस्मा होतो, उपासना छापील क्रमाने चालते आणि अन्य भाषेत प्रार्थना केलेली कोणी ऐकलेली नाही. तुम्ही विचारता, ‘हे विषय टाळले तर सत्याशी तडजोड होईल का? आणि बोललो तर बोलावणाऱ्यांचा अपमान होईल का?’ कपडे कोणते घालावेत, हेही विचारले आहे. शेवटी जाता जाता लिहिले आहे की उपासना यूट्यूबवर थेट दिसणार आहे आणि तुमची सगळी मंडळी ती बघणार आहे.

मला तुमच्या अडचणीचे मूळ त्या शेवटच्या वाक्यात दिसते. त्या दिवशी तुम्ही उभे राहणार कोल्हापूरच्या मंडळीसमोर, पण मनात समोर बसलेली असणार गडहिंग्लजची मंडळी. ‘आपला माणूस तिकडे जाऊन थंड झाला’ असे कोणी म्हणेल, ही धास्ती आहे. ती स्वाभाविक आहे. पण ज्या उपदेशात समोरच्या बाकावर बसलेल्या माणसापेक्षा कॅमेऱ्यापलीकडचा माणूस मोठा होतो, तो समोरच्याला पोचत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून पहिले काम कोल्हापूरचे नाही, घरचे आहे. जाण्याआधी तुमच्या पास्टरांजवळ बसा. कुठे जातोय, कोणता उतारा घेणार, काय बोलणार आणि काय बोलणार नाही, हे त्यांना स्वच्छ सांगा आणि त्यांच्याकडून प्रार्थना करून घ्या. त्यांचा आशीर्वाद पाठीशी असेल तर यूट्यूबवर कोण काय लिहितो याची फिकीर राहत नाही. त्यांनी ‘जाऊ नकोस’ म्हटले, तर मात्र निमंत्रण नम्रपणे परत करावे, असे माझे मत आहे. एका मंडळीचा मान राखायला आपल्या मंडळीत भांडण नको.

मी प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळीत वाढलो. पाळक म्हणून आयुष्य कोल्हापूर-मिरज पट्ट्यात गेले. या काळात अँग्लिकन, मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी, पेंटेकॉस्टल अशा अनेक ठिकाणी पाहुणा म्हणून बोललो, आणि माझ्या पुलपीटवरही अनेक पाहुणे आणले. खाली जे लिहितो ते दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे, निमंत्रण नक्की कोणाचे? पाळकसाहेबांनी आणि मंडळीच्या वडिलांनी मिळून बोलावले असेल तर निश्चिंत जा. तरुण संघातल्या दोघा-तिघांनी परस्पर ठरवून पाळकसाहेबांना नंतर कळवले असेल, तर थांबा आणि आधी पाळकसाहेबांना स्वतः फोन करा. जुन्या मंडळ्यांत कधी कधी दोन तट असतात आणि बाहेरचा वक्ता एका तटाचा म्हणून आणला जातो. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. आपल्या भागात मंडळ्यांच्या कारभाराचे आणि मालमत्तेचे वादही आहेत. त्यांतला एक शब्दही तुमच्या तोंडून निघू नये, प्रार्थनेतसुद्धा नाही. ‘प्रभू, या मंडळीतली भांडणे मिटव’ अशी पाहुण्याने केलेली प्रार्थना कोणत्या तरी एका बाजूला टोचतेच.

दुसरी गोष्ट, ती मंडळी नक्की कोणत्या परंपरेची आहे हे नीट विचारून घ्या. ‘जुनी मिशनची मंडळी’ एवढे पुरत नाही. ती सी.एन.आय.मध्ये असेल तर एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि युनायटेड चर्चवाले होते, तसे फक्त कळत्या वयात बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्सही होते. एकीकरणाच्या योजनेतच दोन्ही पद्धती मान्य केल्या गेल्या. म्हणजे तुम्ही ज्या प्रश्नावर भिंत आहे असे समजता, त्या प्रश्नावर तुमच्या यजमानांच्या वाडवडिलांनी अनेक वर्षे बोलणी केली आणि एका छताखाली राहायचे ठरवले. तुम्ही मान्य करा की न करा, ज्यांनी एवढा विचार केला त्यांना वीस मिनिटांत बाप्तिस्मा शिकवायला जाऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विषय तुमच्यावर सोपवला आहे, ती मोकळीक घेऊ नका. पाळकसाहेबांना विचारा, ‘त्या रविवारचे वाचन काय आहे? मी त्यावरच बोलतो.’ पेंटेकॉस्टच्या रविवारी कॅथलिक, अँग्लिकन आणि बहुतेक प्रॉटेस्टंट वाचनमालांत प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ असतोच. म्हणजे तुम्हाला हवा तोच उतारा ते स्वतः तुमच्या हातात देतील. फरक एवढाच की तो तुम्ही सोबत आणलेला नसेल. मंडळीने नेमून दिलेला उतारा घेतला की ‘हा आपला अजेंडा घेऊन आला’ असे कोणाच्या मनात येत नाही, आणि उपदेशकही त्या वचनाच्या हाताखाली राहतो.

तो अध्याय तुम्ही आजवर कितीदा वाचला असेल. पण या वेळी येशूचा शिष्य पेत्र काय करतो ते पाहा, कारण तोही त्या दिवशी बाहेरून आलेल्या लोकांसमोर उभा होता. अन्य भाषांची घटना पहिल्या तेरा वचनांत आहे. पेत्र उठतो, ‘हे प्यालेले नाहीत’ असा खुलासा करतो, योएल संदेष्ट्याचे वचन सांगतो आणि बाविसाव्या वचनापासून सरळ येशूकडे वळतो: तुम्ही ज्याला वधस्तंभावर मारले त्याला देवाने उठवले. पुढचा सगळा उपदेश त्याच्यावरच आहे. ‘तुम्ही पाहता व ऐकता’ एवढाच त्या चिन्हाचा उल्लेख तेहतिसाव्या वचनात येतो. लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागते ती येशूविषयी ऐकून. तुम्ही हाच क्रम धरलात तर सत्य कुठेही लपवावे लागत नाही. भाषांचा प्रसंग पूर्ण वाचा, मोठ्याने वाचा, घडला तसा सांगा. कोणत्याही मंडळीला बायबलमधल्या घटनेचा राग येत नाही. मग पेत्र जिकडे वळतो तिकडे तुम्हीही वळा.

पुढचे अडतीसावे आणि एकोणचाळीसावे वचन तर जपून हाताळायचे. ‘पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या’ हे अडतीसावे वचन तुमच्या बाजूचे लोक हमखास उचलतात. ‘हे वचन तुम्हाला, तुमच्या मुलाबाळांना’ हे एकोणचाळीसावे त्या मंडळीतले. लागून असलेल्या दोन वचनांत दोन्ही बाजूंचे मुख्य आधार बसले आहेत. पाहुण्याने अडतीसाव्यावर थांबून पुस्तक मिटले की समोरच्या प्रत्येक आजीला कळते की तुम्ही कुठे थांबलात आणि का थांबलात. दोन्ही वाचा. ‘जे दूर आहेत त्या सर्वांना’ इथपर्यंत जा, कारण ते सगळ्यांना लागू आहे.

तुमच्या स्वतःच्या अनुभवाचे काय? इथे मी साक्ष आणि मागणी यांत फरक करतो. ‘प्रभूने माझ्या आयुष्यात असे केले’ ही साक्ष झाली. पाळकसाहेबांना आधी सांगून, दोन-तीन मिनिटांत, अन्य भाषांसकट ती खुशाल द्या. मोकळ्या मनाने दिलेली साक्ष जुन्या मंडळीतली माणसे आदराने ऐकतात. उलट तुमच्यासारख्याने ती पूर्ण गाळली तर तेच त्यांना चमत्कारिक वाटेल, कारण त्यांनी तुम्हाला मुद्दाम त्या रविवारी बोलावले आहे. पण ‘तुम्हाला हे मिळाले नसेल तर तुमच्यात आत्मा नाही’ हे वाक्य मागणीच्याही पुढचे आहे, तो निवाडा आहे. ज्यांची नावेही तुम्हाला माहीत नाहीत, ज्यांनी किती आजारपणे, किती मरणे, किती उपास प्रार्थनेत काढले हे माहीत नाही, अशांवरचा. पौलाचे वचन दोघांनाही मान्य आहे: पवित्र आत्म्याशिवाय कोणालाही ‘येशू प्रभू आहे’ असे म्हणता येत नाही (१ करिंथ १२:३). ती मंडळी दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे सगळे मिळून विश्वास कबूल करतात तेव्हा, हेच म्हणते. तिथून सुरुवात करा.

तुम्ही विचाराल, मग अन्य भाषांचे शिक्षण तिथे कोणी आणि कधी द्यायचे? मला वाटते, जो माणूस पुढच्या रविवारी आणि त्याच्या पुढच्याही रविवारी त्यांच्यासमोर असेल त्याने. वादाचा सिद्धांत एकदा सांगून संपत नाही. कोणी रडत घरी जाते, कोणाच्या घरात सासू-सुनेत त्यावरून वाजते, कोणी म्हातारा ‘मग माझा बाप्तिस्मा खोटा का?’ म्हणून रात्री पाळकांचे दार ठोठावतो. मी ते दार उघडलेले आहे. एका पाहुण्याने आमच्याकडे येऊन असे शिकवले आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. पुढे बरेच महिने मी घरोघर जाऊन बसत होतो. त्या भावाचा हेतू वाईट नव्हता. त्याला फक्त सोमवार बघावा लागला नाही.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण नेमून दिलेल्या उताऱ्यात वादाचा विषय असेल तर काय करायचे हे त्यातून कळेल. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन, क्रुसावरील सात उद्गारांवर सात वक्ते, ही उपासना आपल्याकडे बहुतेक जुन्या मंडळ्यांत होते आणि वक्ते अनेकदा वेगवेगळ्या मंडळ्यांतून येतात. (ही तीन तासांची उपासना मुळात पेरू देशातल्या लिमा शहरात एका जेझुइट धर्मगुरूने सुरू केली. म्हणजे कॅथलिकांकडून आलेली रीत आमच्या प्रेस्बिटेरियन आजोबांनी आपलीच म्हणून जपली.) एका वर्षी अँग्लिकन वळणाच्या मंडळीत मला तिसरा उद्गार आला: ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा’, ‘पाहा, ही तुझी आई.’ समोर काही कॅथलिक कुटुंबेही होती, शेजारच्या बाकावर ब्रदरन वळणाचे एक निवृत्त मास्तर. पंखे फिरत होते तरी घाम निथळत होता. वेदीवरचा क्रूस काळ्या कापडाने झाकलेला होता, मुले आयांच्या मांडीवर झोपली होती.

त्या वचनावर कॅथलिक परंपरेचे मोठे शिक्षण आहे: मरिया सगळ्या मंडळीची आई. आमच्याकडे त्याला उत्तर देण्याची तेवढीच जुनी सवय आहे. मी दोन्हींतले काहीच घेतले नाही, आणि हे भिऊन नव्हे. वचनाचा शेवट काय आहे ते पाहिले: त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. खिळ्यांवर लटकलेला माणूस आईच्या राहण्याची सोय लावतो. मग मी त्या मंडळीतल्या घरांकडे पाहिले. मुलगा पुण्याला, दुसरा दुबईत, आणि इथे दोन खोल्यांत एकटी आई. गॅसचा नंबर लावायला शेजाऱ्याला हाक मारणारी. ज्याला स्वतःची आई नाही, त्याच्या वाट्याला प्रभूने कोणाची आई दिली आहे, हे विचारा, असे म्हणालो. उपासनेनंतर एका कॅथलिक बाईंनी आणि त्या मास्तरांनी, दोघांनीही, जवळपास एकाच अर्थाचे बोलून माझा हात धरला. मी माझ्या परंपरेतले एक अक्षरही सोडले नव्हते. उतारा जिथे सगळ्यात खोल होता तिथे उतरलो, एवढेच. वाद बहुधा काठावर असतात.

पेंटेकॉस्टच्या अध्यायाची खोल जागा कोणती ते तुम्ही प्रार्थनेत शोधा. मला स्वतःला बेचाळीसाव्या वचनापासूनचा भाग बोलावतो: शिक्षण, सहवास, भाकर मोडणे, प्रार्थना, आणि मग गरजेप्रमाणे वाटून देणे.

एक गोष्ट मात्र संदेशात जरूर घ्या, ती तुम्हालाच शोभेल. जुन्या मंडळीत पुष्कळांना वाटते की पेंटेकॉस्टल लाट म्हणजे अलीकडे बाहेरून आलेले काहीतरी. पण १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेतून जे आत्मिक जागरण झाले, ते जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात नोंदलेले आहे. ते आपल्या मराठी मातीतले आहे. आणि रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता. कोल्हापूरचेही तसेच. रॉयल वायल्डर हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून आधी अहमदनगरला होते. १८५२ साली ते इथे आले, मधली बरीच वर्षे स्वतंत्रपणे काम केले आणि १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. इथल्या ख्रिस्ती कामाचा पाया घालणारा माणूसच एकापेक्षा जास्त व्यवस्थांतून गेलेला आहे. वायल्डर मेमोरियल चर्चवरून जाताना मला हे नेहमी आठवते. हा इतिहास सांगितलात की तुम्ही परके राहत नाही आणि तेही तुम्हाला नवखे वाटत नाहीत.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि औषधे यांवर बोलताना विशेष सांभाळा. या पट्ट्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत दवाखाना हा विश्वासाचाच भाग आहे. डॉ. वॉनलेस यांनी मिरजेला १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केले तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मुली नर्स झाल्या, मुले कंपाउंडर, टेक्निशियन झाली. ‘औषध नको, विश्वास ठेव’ असे वाक्य सहज निघून गेले तर समोर बसलेल्या निम्म्या माणसांच्या आयुष्यभराच्या सेवेला तुम्ही हिणवले असे होईल. शिवाय कोणी खरेच गोळ्या बंद केल्या तर ते पाप तुमच्या माथी. बरे होण्यासाठी प्रार्थना करायची असेल तर डॉक्टर-नर्ससाठीही करा.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल. तुमच्याकडे तासभर संदेश चालतो. तिथे वीस मिनिटे म्हणजे वीस मिनिटेच. पुढे अर्पण, मध्यस्थीची प्रार्थना, कदाचित प्रभुभोजन असते, आणि लांबलेला संदेश या सगळ्यांतून कापला जातो. जुन्या दगडी इमारतीत आवाज घुमतो. तुमच्या सवयीच्या वेगाने बोललात तर शब्दावर शब्द चढतो आणि मागच्या बाकांवर नुसता गजर ऐकू येतो. वाक्य संपले की आवाज भिंतीवरून परत येईपर्यंत थांबा. शनिवारी संध्याकाळी जाऊन रिकाम्या चर्चमध्ये एकदा उतारा वाचून बघा, शक्य असेल तर मागे कोणाला तरी उभे करून. माइक हातात घेऊन फिरू नका, वेदीच्या कठड्याच्या आत बोलावल्याशिवाय जाऊ नका.

आणि ‘हालेलुया’ला उत्तर आले नाही म्हणून खचू नका. तीनदा ‘आमेन म्हणा’ म्हणून वदवूनही घेऊ नका. त्या मंडळीत शांत बसणे म्हणजेच ऐकणे असते. उपदेश मनाला लागला तर लोक मान खाली घालतात, दाराशी हात जरा जास्त वेळ धरतात. आमच्यासारखा उलट दिशेने गेला तर त्यालाही हेच शिकावे लागते. पेंटेकॉस्टल सभेत अर्ध्या वाक्यावर ‘स्तोत्र असो!’ आले की त्याला जागा द्यायची, प्रार्थनेच्या वेळी मागे कीबोर्ड सुरू झाला तर दचकायचे नाही.

कपड्यांचा तुमचा प्रश्न सोपा आहे. स्वच्छ पांढरा शर्ट-पँट पुरे. झगा देऊ केला तरी पाळकपदाची दीक्षा झालेली नसेल तर घालू नका. मानधनाचे पाकीट मिळेल ते घ्या, नाकारून यजमानांना अवघडवू नका, नको असेल तर त्यांच्याच अर्पणाच्या पेटीत टाका. बायबल त्यांच्या पुलपीटवरचेच वाचा. गाणे सुचवायचे असेल तर ‘उपासना संगीत’ मधले सुचवा, ते त्यांना पाठ असते. त्या रविवारी प्रभुभोजन आहे का आणि तुम्ही घ्यावे का, हे आधी फोनवर विचारा. रांगेत उभे राहून ठरवायची ती गोष्ट नाही. लोकांना पुढे बोलावणे, हात वर करायला सांगणे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणे, यांतले काहीही पाळकसाहेबांच्या स्पष्ट होकाराशिवाय करू नका. होकार दिला तर त्यांनाच शेजारी उभे करा.

ज्यांना इतर परंपरांकडून बोलावणे येते त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी पटकन सांगतो. कॅथलिक मिस्सेत (त्यांच्या मुख्य उपासनेत) प्रवचन हे धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक) यांच्याकडेच राखलेले असते, त्यांच्या धर्मविधानाचा ७६७ क्रमांकाचा नियम तसा आहे. त्यामुळे आपल्याला तिथे बोलू दिले नाही यात अपमान नसतो. १८ ते २५ जानेवारी या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात किंवा वचनाच्या उपासनेत ते प्रेमाने बोलावतात. तिथे प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आम्हास वाइटापासून सोडव’ इथे थांबा. ‘कारण राज्य, सामर्थ्य…’ मिस्सेत नंतर येते, एकटेच पुढे गेलात तर सगळे वळून बघतात. ‘सहावी आज्ञा’ असा नुसता क्रमांक सांगू नका. आपल्याकडे ती खून करू नको, त्यांच्याकडे व्यभिचार करू नको. साल्व्हेशन आर्मीत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी नसतात, म्हणून त्या आधारावर आवाहन करू नका. तिथे पाळकांना मेजर, कॅप्टन म्हणतात आणि बायका अधिकाराने उपदेश करतात.

पुन्हा तुमच्याकडे येतो. संदेश चांगला झाला तर एक गोष्ट नक्की होईल. उपासनेनंतर चहाच्या वेळी दोन-तीन तरुण तुम्हाला गाठतील. ‘पास्टर, आम्हाला हे पाहिजे आहे, तुमच्या सभा कधी असतात? नंबर द्या ना.’ तुमच्या वयाच्या उपदेशकाला ही वेळ पुलपीटपेक्षा अवघड असते, कारण त्यांची तहान खरी असते आणि तुमच्याकडे पाणी आहे असे तुम्हालाही वाटत असते. तिथे सभेचा पत्ता देऊ नका, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जोडू नका. मेंढरे पळवल्याचा आरोप एकदा आला की पुढची दहा वर्षे त्या मंडळीचे दार तुमच्यासारख्या कोणालाच उघडत नाही. पण त्यांना हात हलवत परतही पाठवू नका. प्रेषितांच्या काळात प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने अपुल्लोस नावाच्या उपदेशकाला बाजूला, आपल्या घरी नेऊन समजावले होते, हे लक्षात ठेवा. त्या तरुणांना म्हणा, ‘चला, आत्ताच पाळकसाहेबांकडे जाऊ. ते, तुम्ही आणि मी मिळून एक दिवस ठरवू आणि बायबल उघडून बसू.’ आणि खरेच त्यांना घेऊन पाळकसाहेबांकडे जा. पाळकसाहेब हो म्हणाले तर त्यांच्याच घरी बसा. तिथे कोणी अन्य भाषांबद्दल विचारले तर तुम्ही जे मानता ते सगळे, काहीही न राखता, सांगा. सोमवारी पाळकसाहेबांना फोन करून विचारा की माझ्या बोलण्याने कोणाच्या घरी काही अवघड झाले का. झाले असेल, तर त्यांच्याबरोबर त्या घरी जायची तयारी ठेवा.